कारखान्याचा हंगाम आणि कासवांचा हंगाम

आलेले पत्र :

आदरणीय बाई,

मी कोल्हापुरात प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करीत असून अभ्यासक्रमाचा भाग म्हणून मला इंटर्नशिप करावयाची आहे. लहानपणापासून मला कासवांचे वेड आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील एका गावात सागरी कासव संवर्धनाचे काम चालते. तेथील मंडळींनी फेब्रुवारीच्या मध्यापासून सहा आठवडे मदतनीस म्हणून येण्यास होकार दिला आहे. मानधन नाही, आणि गावातल्या एका घरी राहण्याजेवण्याचा खर्च माझा मला करायचा आहे. माझे वडील साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत केमिस्ट आहेत. त्यांच्या मते हंगाम चालू असताना मी कारखान्यात यावे, काहीतरी उपयोगाचे शिकेन; कासवे पाहायची तर सहल काढावी. आईला काळजी वाटते ती मुलीने पहाटेच्या अंधारात किनाऱ्यावर फिरण्याची. दुसरीकडे, एक खासगी आयोजक १८,००० रुपयांत दहा दिवसांचा कार्यक्रम देऊ करीत आहेत. त्यात पिल्ले स्वतःच्या हाताने समुद्रात सोडायला मिळतात आणि प्रमाणपत्रही मिळते. 'जायचेच असेल तर तिकडे जा, दहा दिवसांत मोकळी होशील,' असे वडील म्हणतात. मी आजवर समुद्र चार-पाच वेळाच पाहिला आहे. काय करावे?

– एक विद्यार्थिनी, राजारामपुरी

उत्तर :

तुझे पत्र मी दोनदा वाचले. गावात जा, अठरा हजार रुपये घरी राहू देत. मात्र जाण्याचे जे कारण तू दिले आहेस, म्हणजे कासवांचे वेड, ते या सहा आठवड्यांना पुरणारे नाही. कासव न दिसण्याचेच दिवस तेथे अधिक असतात, आणि असे अकरा दिवस गेल्यावर बाराव्या पहाटेही तितक्याच लक्षपूर्वक तू वाळू पाहू शकशील का, हा प्रश्न तू स्वतःला आधी विचारावास.

तू ओडिशातील चित्रफिती पाहिल्या असतील. गहिरमाथा किंवा ऋषिकुल्या येथे ऑलिव्ह रिडले जातीच्या लाखो माद्या एकाच वेळी अंडी घालायला येतात आणि वाळू दिसेनाशी होते. कोकणात तसे काही घडत नाही. आपल्याकडे हीच जात येते, पण एकेकटी, रात्रीच्या अंधारात; साधारण पाऊण तासात खड्डा खणून, शंभराच्या आसपास अंडी घालून, वरची वाळू दाबून ती परत जाते. हा क्रम बहुतेक नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत चालतो. तुझ्या वाट्याला मादी स्वतः येईल याची खात्री कोणी देणार नाही. तुझ्या वाट्याला येतो तो तिचा माग. पाण्यातून वर आलेली आणि पुन्हा पाण्याकडे गेलेली, ट्रॅक्टरचे चाक फिरल्यासारखी ती रेघ भरतीच्या पाण्याने पुसण्याआधी आणि कुत्र्यांनी हुंगण्याआधी गाठायची असते, म्हणून गस्त पहाटे घालतात. माग दिसला तरी अंडी सापडतातच असेही नाही. मादी कधी वर येते, काहीतरी खटकल्याने न घालताच परतते, आणि माणसे तासभर काठीने वाळू चाचपत बसतात. काठी कोठे हलक्या हाताने आत जाते हे ओळखणारी माणसे प्रत्येक गावात एक-दोनच असतात. त्यांना तिकडे कासवमित्र म्हणतात. तुझे खरे गुरू ते असतील, त्यामुळे त्यांच्या शिक्षणाची इयत्ता विचारण्याच्या फंदात पडू नकोस.

घरटे सापडले की ते जागच्या जागी ठेवायचे की कुंपण घातलेल्या संवर्धन केंद्रात हलवायचे, हा निर्णय होतो. कोकणात कोल्हे, कुत्री, रानडुकरे आणि पूर्वी माणसेही अंडी पळवीत असल्याने हलवण्याचीच पद्धत रुळली. हलवणे हे पाहायला सोपे आणि करायला अवघड असे काम आहे. अंडे घातल्यानंतर काही तासांतच आतला गर्भ कवचाच्या वरच्या बाजूला आतून चिकटतो. त्यानंतर अंडे उलटले किंवा त्याला हिसका बसला तर तो सुटून मरतो, आणि बाहेरून अंडे जसेच्या तसे पांढरे, गोल दिसत राहते. म्हणून अंडी लवकर हलवायची, वरची बाजू वरच ठेवून, घरट्यातली ओली वाळू सोबत घेऊन, आणि नव्या जागी मूळ घरट्याइतक्याच खोलीचा, म्हणजे साधारण हातभर खोल, सुरईच्या आकाराचा, तळाशी फुगीर आणि तोंडाशी अरुंद खड्डा करून ठेवायची.

येथे माझी एक चूक सांगते. बऱ्याच वर्षांपूर्वी मी काही विद्यार्थ्यांना घेऊन एका किनाऱ्यावर गेले होते आणि नोंदवहीची जबाबदारी आमच्या गटाकडे होती. एका घरट्याची मुदत उलटून गेली, पिल्ले वर आली नाहीत, आणि उघडून पाहिले तेव्हा निम्म्याहून अधिक अंडी न उबलेली निघाली. घरटे किती वाजता सापडले आणि किती वाजता हलवले, हे पाहण्यासाठी वही काढली, तर दोन्ही रकाने कोरे. त्या दिवशी आम्ही सगळे फोटो काढण्यात गुंतलो होतो. अंडी उशिरा हलवल्याने मेली, वाळू फार तापल्याने मेली, की मुळातच फलित नव्हती, हे आता कोणालाही कधी सांगता येणार नाही. त्या कोऱ्या दोन रकान्यांनी मला जितके शिकवले तितके माझ्या एम.एस्सी.च्या दोन वर्षांनी शिकवले नाही, असे म्हटले तर माझे जुने प्राध्यापक रागावतील. पण ते खरे आहे.

म्हणूनच तुझ्या वडिलांच्या म्हणण्याकडे मी तुझ्यापेक्षा अधिक गांभीर्याने पाहते. त्यांची प्रयोगशाळा आणि तुझा किनारा या दोन वेगळ्या जगातल्या गोष्टी आहेत असे तुम्ही दोघेही धरून चालला आहात. गळीत हंगाम आणि कासवांचा हंगाम नेमके एकाच वेळी चालतात. कारखान्यात पाळीचा केमिस्ट ठरलेल्या वेळी रसाचा नमुना घेतो, ब्रिक्स, म्हणजे रसात विरघळलेल्या घन पदार्थांचे प्रमाण, पाहतो आणि वहीत लिहितो. रात्री तीन वाजता झोप आली म्हणून मागचाच आकडा पुढे ओढला, तर सगळा हिशोब खोटा ठरतो, हे तुझ्या वडिलांना कोणी सांगण्याची गरज नाही. शंभर किलो उसातून बारा किलो साखर निघाली तर आपण बारा टक्के उतारा म्हणतो. संवर्धन केंद्रातही घरट्याचा उताराच काढतात. एकशे दहा अंड्यांतून सत्त्याहत्तर पिल्ले बाहेर आली तर सत्तर टक्के. आणि पिल्ले गेल्यावर घरटे उकरून रिकामी कवचे, न उबलेली अंडी आणि आतच मेलेली पिल्ले वेगवेगळी मोजतात, कारण उतारा का पडला हे त्या मोजणीतूनच कळते. ते काम दुर्गंधीचे असते आणि त्याचे फोटो कोणी काढत नाही. वडिलांना हे या शब्दांत सांग. 'मला निसर्गाची आवड आहे' या वाक्याने जे होणार नाही, ते 'मला घरट्यांचा उतारा काढायला शिकायचे आहे' या वाक्याने कदाचित होईल.

नोंदीचे मोल किती, याचे अलीकडचे एक उदाहरण तुझ्याच वाटेवरचे आहे. २०२१ मध्ये ओडिशात गहिरमाथा येथे क्रमांकाचा टॅग लावलेली एक मादी २०२५ मध्ये गुहागरच्या किनाऱ्यावर अंडी घालताना आढळली. पूर्व किनाऱ्यावरची आणि पश्चिम किनाऱ्यावरची कासवे वेगवेगळी, असा जो सर्वसाधारण समज होता, त्याला त्या एका क्रमांकाने धक्का दिला. एकाने तो क्रमांक तिकडे लिहून ठेवला होता आणि दुसऱ्याने इकडे अंधारात नीट वाचला, एवढेच त्यामागे होते.

आता त्या दहा दिवसांच्या कार्यक्रमाविषयी. राहण्याजेवण्याचे पैसे घेण्यात काहीही गैर नाही. गावातल्या घराने तुला फुकट का पोसावे? माझा आक्षेप 'पिल्ले स्वतःच्या हाताने समुद्रात सोडा' या आमिषाला आहे. सागरी कासव १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाला जे संरक्षण तेच त्याला. वन विभागाच्या परवानगीखाली चाललेल्या कामाबाहेर अंड्याला किंवा पिल्लाला हात लावणे हा गुन्हा ठरतो. शिवाय पिल्लांना पाण्यात सोडायचेच नसते. त्यांना पाण्यापासून काही अंतरावर वाळूवर ठेवतात आणि ती आपली आपण चालत जातात, कारण त्या चालण्यातूनच त्यांना दिशा सापडते. पिल्ले उजेडाच्या दिशेने वळतात, म्हणून मोबाइलचे दिवे, बॅटऱ्या, मागच्या हॉटेलचे झगमगते फलक हे सगळे त्यांना चुकवतात. ओंजळीत धरून फोटो काढण्यासाठी त्यांना थांबवले की अंगात जी थोडी शक्ती शिल्लक असते ती तेथेच खर्च होते. हजारांत एखादेच पिल्लू मोठे होते असे सर्वसाधारणपणे मानले जाते; त्या एकाच्या वाट्याला आपली ओंजळ येऊ नये. जो आयोजक हे जाणतो तो असे आमिष दाखवत नाही, आणि जो जाणत नाही त्याच्या प्रमाणपत्राला किंमत नाही. गावातल्या कामाबद्दलही वन विभागाची परवानगी आणि देखरेख आहे का, हे तू विचारून घेच. कोल्हापूरकरांना सहसा ठाऊक नसते, पण रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे दोन्ही जिल्हे वन विभागाच्या कोल्हापूर वनवृत्तातच येतात. तेव्हा ही चौकशी घाट न उतरताही सुरू करता येईल.

तुझ्या आईची काळजी मी हसण्यावारी नेणार नाही. अंधारात एकटीने गस्त घालायची नाही, ही अट तू स्वतः घाल. चांगल्या केंद्रांवर गस्त जोडीनेच असते. ज्या घरी राहणार त्या घरच्या बाईंशी आईचे फोनवर बोलणे होऊ दे, आणि शक्य असेल तर जानेवारीतल्या एखाद्या रविवारी दोघींनी आंबा घाटाने जाऊन घर, न्हाणीघर, शौचालय आणि किनाऱ्याची वाट प्रत्यक्ष पाहून या. आई एकदा त्या घरच्या ओट्यावर बसून चहा घेऊन आली की निम्मी काळजी तिथेच राहील. भरती-ओहोटीच्या वेळा रोज पाहायच्या, आणि पोहायला येत असले तरी समुद्रात उतरायचे नाही. रंकाळ्याच्या किंवा पंचगंगेच्या पाण्याचा अनुभव तेथे कामाचा नाही.

एक गोष्ट तुझ्या वाट्याला येणाऱ्या काळाविषयी. अंडी उबायला साधारण पंचेचाळीस ते साठ दिवस लागतात. फेब्रुवारीच्या मध्यापासूनच्या सहा आठवड्यांत एकच घरटे पहिल्या रात्रीपासून शेवटच्या पिल्लापर्यंत पाहणे तुला बहुधा जमणार नाही. डिसेंबर-जानेवारीतल्या घरट्यांची पिल्ले निघताना तू पाहशील, आणि तुझ्यासमोर ठेवलेल्या अंड्यांची पिल्ले तू परत आल्यावर निघतील. त्यातून तू रडवेली होशील हे मला आत्ताच दिसते. निघताना वही कासवमित्रांच्या हाती नीट समजावून दे, आणि एप्रिलमध्ये फोन करून आकडे विचार.

त्या काळात स्वतःचा एक छोटा प्रश्न हाताशी असू दे. मी तुझ्या जागी असते तर वाळूच्या तापमानाचा घेतला असता. कासवाच्या पिल्लाचे लिंग गुणसूत्रांनी नव्हे तर उबण्याच्या मधल्या काळातील उष्णतेने ठरते. साधारण २९ ते ३० अंश सेल्सिअसच्या आसपास नर आणि मादी सारख्या प्रमाणात होतात, त्याहून वाळू थंड असेल तर नर अधिक, आणि तापली की माद्याच माद्या. म्हणजे आपण घरटे हलवतो तेव्हा अंड्यांची जागा तर बदलतोच, शिवाय पुढच्या पिढीचे प्रमाणही नकळत हलवतो. संवर्धन केंद्र उघड्यावर आहे की सुरूच्या सावलीत, यालाही त्यामुळे अर्थ येतो. शक्य असेल तेथे घरटी मूळ जागीच राखावीत, हे मत अभ्यासकांत बळावत आहे, आणि ते मला पटते. पण कुत्र्यांची टोळी रोज फिरते त्या किनाऱ्यावर पोपटपंची करण्यात अर्थ नाही. तू मूळ घरट्याजवळ आणि केंद्रात, घरट्यांना धक्का न लावता, त्याच खोलीवर सकाळ, दुपार आणि रात्र तापमान घेतलेस, तर सहा आठवड्यांत एक प्रामाणिक तक्ता तयार होईल. आधी परवानगी माग. 'नाही' म्हणाले तर किनाऱ्यावर रात्री कोठून कोठून उजेड पडतो याचा नकाशा कर. त्याला कोणाची हरकत नसावी.

गावात उपदेशक म्हणून जाऊ नकोस. २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने मंडणगड तालुक्यातल्या वेळास येथे काम सुरू केले, तेव्हा अंडी खाणे किंवा विकणे ही कोकणात अनेक ठिकाणी नेहमीची गोष्ट होती. पुढे गावकरी राखणदार झाले, पाहुणे येऊ लागले, घरोघरी राहण्याजेवण्याची सोय झाली आणि चार पैसे गावात राहिले. हे बदलले ते भाषणांनी नव्हे. मच्छीमारांशीही बोल. जाळ्यात कासव अडकले तर ते सोडवण्यासाठी जाळे कापावे लागते, आणि जाळे म्हणजे त्या घराचे भांडवल असते. म्हणून राज्यात २०१८ पासून असे जाळे कापणाऱ्याला २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना आहे. ती त्यांच्यापर्यंत पोहोचते का, कागदपत्रांना किती दिवस लागतात, हे ऐकून घे. ऐकताना वही बंद ठेव. ही माहिती संध्याकाळी घरी येऊन लिहावी.

'उपयोग काय' या वडिलांच्या प्रश्नाला मी गुळमुळीत उत्तर देणार नाही. या क्षेत्रात नोकऱ्या थोड्या, पगार बेताचे आणि कंत्राटे प्रकल्पापुरती असतात. पुढे डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेसारख्या ठिकाणी शिकायचे म्हटले, किंवा वनसेवेच्या परीक्षा द्यायच्या म्हटल्या, तर हे सहा आठवडे तुला बोलायला काहीतरी खरे देतील, पण दार उघडून देणार नाहीत. असेही होईल की चौथ्या आठवड्यात तुला कळेल की हे काम आपले नव्हे. ते कळण्यासाठी एम.एस्सी.चे पहिले वर्ष ही स्वस्तातली वेळ आहे.

विभागप्रमुखांकडे या आठवड्यातच जा आणि ही इंटर्नशिप श्रेयांकांसाठी ग्राह्य धरली जाईल असे लेखी घे. किती तासांची नोंद लागते, मार्गदर्शक म्हणून कोणाची सही चालते, केवळ कासवमित्रांची चालत नसेल तर वनक्षेत्रपालांची चालेल का, हे तोंडी आश्वासनावर सोडू नकोस. मार्चअखेर परत येऊन तास कमी पडल्याचे कळणे ही विद्यार्थ्यांची नेहमीची शोकांतिका आहे.

आणि डिसेंबरातले रविवार वडिलांना दे. त्यांच्या पाळीला प्रयोगशाळेत बस, परवानगी मिळाली तर रात्रपाळीलाही. थर्मामीटर वितळत्या बर्फात धरून शून्य दाखवतो की नाही हे कसे तपासायचे, चुकलेला आकडा न खोडता एक रेघ मारून शेजारी कसा लिहायचा, वेळ आधी आणि आकडा नंतर का लिहायचा, हे तुला त्यांच्याइतके चांगले मी शिकवू शकणार नाही. जाड पुठ्ठ्याची, शिवलेली वही घे. सुटी पाने समुद्राच्या वाऱ्याला पुरत नाहीत. घरट्याचा क्रमांक, सापडल्याची वेळ, हलवल्याची वेळ, अंडी, खोली, पहिले पिल्लू वर आल्याची तारीख, चालत गेलेली पिल्ले, न उबलेली अंडी, मेलेली पिल्ले, शेरा, असे रकाने त्यात लागतील. ते वडिलांकडूनच आखून घे. त्यांना एखादा रकाना सुचला तर तोही घाल.